भिगवण, कडबनवाडी, नान्नज : जानेवारीतली पक्षीफेरी

शुक्रवार

पुण्यातून निघायलाच अकरा वाजले. ठाण्याचे काका सकाळच्या गाडीने आले, मग हडपसरचं ट्रॅफिक, यवतला चहा, असं करत करत भिगवणला पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. गाडीत काका, मी, माझी मावसबहीण आणि तिचा अकरावीतला मुलगा. जानेवारीच निवडला कारण या महिन्यात आशियाभर पाणपक्ष्यांची गणना चालते, भारतात ती 1987 पासून सुरू आहे, आणि जिथे जिथे पाणी आहे तिथले पक्षीवाले आपापला तलाव मोजून काढतात. आम्ही ठरवलं होतं की नुसते फोटो काढत फिरायचं नाही, एका जागी बसून मोजायचं, लिहायचं आणि रोजची नोंद रोज ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकायची.

भिगवणचे पक्षी म्हणजे उजनी धरणाच्या मागे साठलेल्या पाण्यावरचे पक्षी. उजनीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते, निघण्यापूर्वी धरणात पाणी किती आहे ते बघा. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं, साठवण साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातलं जवळपास 64 टीएमसी म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात मोडतं. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची, म्हणूनच उजनीची टक्केवारी शून्याच्याही खाली जाते, 2024 च्या उन्हाळ्यात तर उणे 50 च्याही खाली गेली होती. शेतकऱ्याला पाण्याचा हा आकडा लागतो तसाच तो पक्षीवाल्यालाही लागतो, कारण धरण काठोकाठ भरलं असलं की काठचा चिखल पाण्याखाली राहतो, आणि चिखल उघडा नसेल तर रोहित (फ्लेमिंगो हो) आणि चिखलात चोच खुपसून खाणारे सगळे छोटे पक्षी उतरणार कुठे? पाऊस भरपूर झालेल्या वर्षी रोहित उशिरा येतात ते याचमुळे. लोक डिसेंबरात येतात, चार रोहित बघतात आणि ‘पक्षी संपले’ म्हणत परत जातात. पक्षी संपलेले नसतात, ते पाणी उतरायची वाट बघत असतात.

दुपारी डिकसळच्या जुन्या ब्रिटिशकालीन पुलाकडे गेलो. मासेमारीच्या होड्या काठाला लागत होत्या आणि मासळी निवडून झाली की उरलेलं पाण्यात पडत होतं, त्यावर कुरवांचा (म्हणजे गल पक्ष्यांचा) नुसता गोंधळ. बहुतेक तपकिरी डोक्याचे कुरव, फक्त या दिवसांत त्यांचं डोकं तपकिरी नसतं, पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे एक काळपट ठिपका तेवढा राहतो, विणीचा पिसारा मार्चच्या आसपास यायला लागतो. मधेच नदी सुरय, पिवळीजर्द चोच खाली रोखून पाण्यावर सूर मारणारे. पाण्यात बुडालेल्या एका वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर कैकर (मासे खाणारा शिकारी पक्षी) एक मासा पायाखाली दाबून बसला होता आणि सावकाश एकेक लचका तोडत होता, भाच्याने दुर्बिणीतून ते पूर्ण जेवण बघितलं, जवळजवळ अर्धा तास.

मुक्काम कुंभारगावात, एका मच्छीमार कुटुंबाकडे. रात्री ताईंनी चिलापी फ्राय, रस्सा आणि बाजरीची भाकरी वाढली. चिलापी मुळात इथला मासा नाही, पण आता उजनीत तोच सगळ्यात जास्त सापडतो, आणि त्याच्या जोडीला सकर मासा वाढलाय, तो कोणी खात नाही, वर जाळी फाडतो ते वेगळंच. जेवणं झाल्यावर ओट्यावर शेजारपाजारचे होडीवाले येऊन बसले. मला या फेरीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यातले बरेच जण पिढीजात मासेमारी करणारे, आता हिवाळ्यात पर्यटकांना फिरवतात, आणि पक्ष्यांची नावं मराठीत सांगतात तशीच इंग्रजीतही. कुठल्या बाजूला आज काय दिसलं, कोण कुठे उतरलं, कोणती बदकं निघून गेली, हे सगळं ते एकमेकांना रोज रात्री सांगतात आणि सकाळची होडी कुठे न्यायची ते त्यावर ठरतं. आपण शहरातले लोक व्हॉट्सअॅपवर जे करतो ते इथे ओट्यावर आधीपासून चालू आहे.

त्या रात्री एक दादा म्हणाले, “करकोचा हाय, पण रोजचा न्हाई. काळा कुळकुळीत, पाय लाल. दोन दिस झालं, एकटाच हिंडतोय पल्याडच्या काठाला.”

काका ताठ बसले. मान पांढरी होती का, त्यांनी विचारलं. दादा थोडा वेळ विचार करून म्हणाले, “न्हाई. मान बी काळीच.”

शनिवार

साडेसहाला होडीत. थंडी चांगलीच होती, पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली, दादांनी बांबू टेकवून होडी ढकलली, पुढे खोल पाणी लागल्यावर मोटर. सूर्य वर आला तसं धुकं फाटत गेलं आणि पहिल्यांदा आवाज आला, मग पक्षी दिसले. पट्टकदंब हंस. दीडशेच्या आसपास मोजले आम्ही, काठावरच्या हिरवळीवर चरत होते. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, बाकी अंग फिकट राखाडी. हे मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. मंगोलियात काही हंसांच्या गळ्यात अक्षरं-आकडे लिहिलेले पट्टे घातलेले आहेत, आणि असे पट्टेवाले हंस भारतात दिसतात तेव्हा कोणीतरी दुर्बिणीतून ते अक्षर वाचून कळवलेलं असतं म्हणून त्यांचा प्रवास समजतो. आम्ही एकेक मान तपासली, पट्टा कुणाच्याच नव्हता, तसं वहीत लिहून ठेवलं. नसणं हीसुद्धा नोंदच असते.

थापट्या बदकं भरपूर, चोचीचा फावडा पाण्यावर फिरवत गोल गोल पोहणारी. तलवार बदकं, भुवई बदकं, हळदी-कुंकू, चक्रवाकाच्या जोड्या. शेकाटे मोजता मोजता बहीण कंटाळली, इतके होते. शराटी, चमचे, राखी बगळे. चित्रबलाक मात्र आपल्या इथलेच, जवळच्या भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर त्यांची वीण होते. रोहित पन्नासेक, लांब, उथळ पाण्यात. दादांनी होडी शंभर-सव्वाशे मीटरवर थांबवली आणि मोटर बंद केली. शेजारच्या होडीतला एकजण ‘अजून जवळ घ्या, उडवा की’ म्हणत होता, त्याच्या होडीवाल्याने सरळ नाही सांगितलं. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं, गिऱ्हाईक नाराज होईल हे माहीत असूनही तो हलला नाही. रोहित डोकं पूर्ण उलटं करून चोच पाण्यात घालतात, वरची चोच खाली आणि खालची वर, आणि जिभेने पाणी आतबाहेर करत गाळून खातात, सारखी मान खाली घालून त्यांना तास न् तास हे करावं लागतं. दर वेळी उडवलं की तेवढं खाणं बुडालं. त्यातले पाचसहा राखाडी-मळकट होते, ती पिल्लं. त्यांना गुलाबी रंग खाण्यातून यायला काही वर्षं लागतात. मोठ्या रोहितांची आपल्याकडची मोठी वीण कच्छच्या रणात होते, ही पिल्लंही बहुतेक तिकडचीच असावीत.

आणि मग दादांचा फोन वाजला. पलीकडच्या होडीतून त्यांच्या चुलत भावाचा. एवढंच म्हणाला, “आलाय. वडाच्या खाली.” वड म्हणजे काठावरचं एक ओळखीचं झाड, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं पण दादांना नेमकं कळलं. वीस मिनिटं वळसा घालून गेलो आणि तो दिसला.

नीट सांगते, कारण यावर आमची होडीतच चर्चा झाली. आपल्याकडे पांढऱ्या मानेचा करकोचा बारा महिने असतो, तोही लांबून काळाच वाटतो आणि उन्हाच्या तिरिपेत फसवतो. पण त्याची मान लोकरीसारखी पांढरी, डोक्यावर काळी टोपी, चोच काळपट. हा जो समोर होता त्याची मान, डोकं, पाठ सगळं काळं, आणि तो वळला की मानेवर हिरवा-जांभळा झळाळ फिरायचा. पोट पांढरंशुभ्र, पांढरा रंग छातीच्या खाली सरळ रेषेत सुरू होत होता. चोच लाल, पाय लाल, डोळ्याभोवतीही लाल. काळा करकोचा, पूर्ण वाढलेला. युरोपपासून पूर्व आशियापर्यंत विणणारा हा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतो पण महाराष्ट्रात मोजक्याच ठिकाणी दिसतो. एक पाय टाकायचा, थांबायचा, पाण्यात बघायचा, पुन्हा एक पाऊल. दोनदा मासा पकडला. आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही, म्हणजे अंतर बरोबर होतं.

काकांनी तीन बाजूंनी फोटो काढले, पोट दिसेल असा, चोच दिसेल असा आणि उडताना पंखाखालचा भाग दिसेल असा. दुर्मिळ पक्षी नोंदवला की ई-बर्डचा स्थानिक तपासनीस कशावरून म्हणून विचारतो, तेव्हा असे फोटो आणि दोन ओळींचं वर्णन दिलं की काम सोपं होतं. काहींना या विचारण्याचा राग येतो, मला उलट बरं वाटतं, कारण तपासलेल्या नोंदीलाच पुढे किंमत असते. आणि नोंदीत मी पहिलं वाक्य लिहिलं की पक्षी आधी कुंभारगावच्या होडीवाल्यांना दिसला. ते लिहायलाच पाहिजे.

दुपारी जेवून कडबनवाडी. इंदापूर तालुक्यातलं हे माळरान भिगवणपासून फार लांब नाही, पण उतरलं की दुसऱ्याच मुलखात आल्यासारखं वाटतं. इथे आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला वनविभागाने 2024 पासून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय, ऑनलाइन बुकिंग, ठरलेला रस्ता, सोबत गावातला गाइड. गाडी रस्ता सोडून माळात घालायची नाही हा नियम मला फार आवडला. आधी लोक धाविकाच्या (माळावर पळणारा एक छोटा पक्षी) मागे जीप घालायचे, तो पळतो, थांबतो, पुन्हा पळतो, आणि त्याची अंडी तर उघड्या जमिनीवरच असतात, चाकाखाली येताना कळतही नाहीत.

धाविक दिसले, चार. चिंकाऱ्यांचा कळप बाभळीच्या सावलीत. खोकड एक क्षणभर, बिळाच्या तोंडाशी कान तेवढे. पण आम्ही थांबलो होतो संध्याकाळसाठी. ऊन उतरलं आणि भोवत्ये यायला लागले. हे शिकारी पक्षी मध्य आशियातल्या कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यातून इथे येतात, दिवसभर गवतावरून खालून खालून उडत टोळ, सरडे, छोटे पक्षी पकडतात आणि रात्री झाडावर नाही तर गवतातच, जमिनीवर, एकत्र झोपतात. एक आला, मग तीन, मग मोजणी अवघड झाली. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर राखाडी, पंखावर आडवी काळी रेघ. पांढुरक्या भोवत्याचा नर जास्त फिकट, रेघ नाही, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माद्या दोघांच्याही तपकिरी, त्या प्रकाशात वेगळ्या करणं शक्य नव्हतं, म्हणून जे ओळखता आले ते नावाने लिहिले आणि बाकीचे ‘भोवत्या’ म्हणून. अंधार पडेपर्यंत 26 उतरले. गाइड दादा म्हणाले की आधी याहून किती तरी जास्त असायचे, आता शेजारची रानं उसाखाली गेली, कॅनॉल आला, गवत कमी झालं.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. या भोवत्यांची झोपायची जागा माळात नेमकी कुठे ते मी लिहिणार नाही. त्याच भागात एका घळीत शृंगी घुबडाचं घरटं आहे, तेही सांगणार नाही. मागे एका अशाच घरट्याचं लोकेशन ग्रुपवर फिरलं आणि रविवारी सकाळी तिथे कॅमेरे घेऊन रांग लागली होती, कोणीतरी फोटोत येते म्हणून समोरची फांदीही तोडली होती. काळ्या करकोच्याची बातमी सगळ्यांना द्या, तो मोकळ्या पाण्यावर आहे, नको वाटलं तर उडून जाईल. घरट्यातल्या पिल्लाला उडून जाता येत नाही. माझ्यासाठी सांगायचं की नाही याची ओळ एवढीच आहे.

रविवार

सकाळी पुन्हा थोडा वेळ काठावर. ओल्या चिखलात पिवळे धोबी आणि लव्हाळ्यात शंकर, निळ्या गळ्याचा, शेपूट उडवत. मग सोलापूर रस्ता.

गाडीत भाच्याने विचारलं की या नोंदी टाकून पुढे होतं काय. 2023 साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला तो अशाच नोंदींवर उभा आहे, 30 हजारांच्या वर पक्षीनिरीक्षक, 3 कोटींच्या वर नोंदी, 942 जातींचा विचार. त्यातल्या 178 जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं. आणि घसरण कुणाची जास्त, तर माळरानात राहणाऱ्यांची, शिकारी पक्ष्यांची, बदकांची. म्हणजे आम्ही दोन दिवस जे बघत होतो नेमकं तेच.

मोहोळच्या पुढे रस्त्याला लागून ज्वारी, कणसं दुधात भरलेली. एका शेतकरी दादांनी हाक मारून हुरड्याला बसवलं, गोवऱ्यांच्या आगटीवर भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम गरम, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. खात असतानाच भोरड्या आल्या. हजारोंनी. गुलाबी पाठ, काळं डोकं, काळे पंख, आणि थवा वळला की आकाशाचा एक तुकडाच गडद व्हायचा आणि पुन्हा विरायचा. दादांची म्हातारी आई माच्यावर उभी राहून गोफण फिरवत होती, हाळी देत होती. भोरड्या पूर्व युरोप, मध्य आशियातून ऑगस्ट-सप्टेंबरपासून येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात, तिकडे त्या टोळ खातात म्हणून शेतकऱ्याच्या मित्र, इथे ज्वारीवर बसतात म्हणून डोक्याला ताप. आजीला विचारलं, यंदा कशा आहेत? त्या म्हणाल्या, “गेल्या साली लई हुत्या. औंदा कमी.” मी वहीत लिहिलं. असं वर्षावर्षाचं सांगणारी माणसं आपल्याला सहज मिळत नाहीत, आणि ती शेतातच भेटतात.

नान्नजला पोचलो चारला. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं हे माळढोक अभयारण्य 1979 सालचं. सुरुवातीला क्षेत्र होतं साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार करणं कठीण झालं आणि राग निघाला तो पक्ष्यावर. पुढे ते कमी करून साधारण 1,222 चौरस किलोमीटर केलं. मला वाटतं कागदावर एवढं मोठं अभयारण्य काढण्यापेक्षा थोडाच माळ, पण नीट राखलेला, आणि आसपासचा शेतकरी सोबत, असं सुरुवातीपासून झालं असतं तर गोष्ट वेगळी असती. त्यात भर म्हणून माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली. मोकळं गवत बघून आपल्याला ते ओसाड वाटतं, झाडं लावली की चांगलं काम केल्याचं समाधान मिळतं, पण माळढोकाला लांबवर नजर जाईल असा उघडा माळच लागतो.

मनोऱ्यावर अंधार पडेपर्यंत बसलो. माळढोक दिसला नाही. दिसेल असं वाटलंही नव्हतं, आता देशभरात मिळून दीडशेच्या आतबाहेर उरलेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे, आणि महाराष्ट्रात एखादं दर्शन झालं तरी बातमी होते. वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा, नर पंधरा किलोपर्यंत जाणारा जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही म्हणून विजेच्या तारांना आपटून मरतो. जैसलमेरला 2019 पासून पैदास केंद्र चालू आहे, तिथली पिल्लं वाढतायत ही खरोखर मोठी गोष्ट आहे, पण ती मोकळी सोडायला माळ लागणार, आणि तो माळ इथे आमच्यासमोर होता. काळविटांचा मोठा कळप, नर एकमेकांना शिंगं लावून. दूरवर एक लांडगा चालत गेला, घाई नाही काही नाही.

वनविभागाचे एक चौकीदार मामा सोबत होते, त्यांचा जन्म त्याच भागातला. लहानपणी शेतात भुईमूग काढताना माळढोक हाकेच्या अंतरावर चरायचे म्हणाले. नराचा घुमण्याचा आवाज पावसाळ्याच्या सुरुवातीला पहाटे घरापर्यंत यायचा. त्यांनी तो आवाज तोंडाने काढून दाखवला, खोल, घशातून, दोनदा. भाच्याने फोनवर रेकॉर्ड करू का विचारलं, मामा हो म्हणाले आणि पुन्हा काढला.

सोमवार

पहाटे पुन्हा माळ. पखुर्ड्या (कबुतराएवढे माळावरचे पक्षी) ‘किटरो किटरो’ करत पाण्यावर आल्या, पंधरा-वीसच्या टोळीने, दोन मिनिटं पाणी पिऊन पसार. पिल्लं असतात तेव्हा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि ते पाणी उडत उडत पिल्लांपर्यंत नेतो. खरुची (छोटा ससाणा) एका जागी हवेत पंख मारत थांबलेली. चंडोल, माळटिटव्या.

परतीच्या वाटेवर हिप्परग्याचा तलाव, ब्रिटिशांच्या काळात बांधलेला, सोलापूरला लागूनच. वारकरी पक्षी (कूट) प्रचंड, रोहित नाहीत, एक दलदली भोवत्या सगळ्यांना उठवत फिरत होता. तासभर मोजलं, कारण गणनेसाठी हे पाणी कोणीतरी दरवर्षी मोजायलाच हवं. इथे सोलापूरचे दोन पक्षीमित्र भेटले, ते दर रविवारी येतात, त्यांनी आमची यादी बघितली आणि आमच्या आकड्यात त्यांच्या बाजूच्या काठाची बदकं मिळवून एकच नोंद करू म्हणाले, म्हणजे तेच पक्षी दोनदा मोजले जाणार नाहीत. तसंच केलं.

जाणाऱ्यांसाठी थोडंसं. भिगवणला फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, पाणी उतरलेलं असतं आणि रोहित जवळ येतात. होडी गावातल्याच माणसाची घ्या, पहाटेची सांगून ठेवा. कडबनवाडीचं बुकिंग आधी करा, कपडे मातकट रंगाचे घाला. माळढोक किंवा तणमोर (माळढोकाच्याच कुळातला छोटा पक्षी) दिसलाच तर लोकेशन ग्रुपवर न टाकता आधी वनविभागाला कळवा. ई-बर्डवर नोंद जरूर करा, अशा संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा तिथे सगळ्यांना दिसत नाही. आणि नान्नजला दुपारी जाऊ नका, काळवीटसुद्धा तेव्हा सावली धरून बसलेले असतात.